वाट चुकल्यावर सापडलेले शब्द

गेल्या जानेवारीत रोह्याला एका आप्तांच्या शेतावर पोपटीचा बेत होता. पुण्याहून लेक, जावई आणि पाचवीतली नात अशी मंडळी आली होती. मोठी माणसे वालाच्या शेंगा निवडण्यात गुंतलेली आणि नात बांधावर बसून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत असलेली. रानात, बर्फात, समुद्रात अडकून पडलेल्या आणि जिवानिशी परत आलेल्या माणसांच्या खऱ्या गोष्टींचे ते पुस्तक. मध्येच मान वर करून तिने विचारले, ‘‘आजोबा, हायपोथर्मियाला मराठीत काय म्हणतात?’’

‘‘काकडणं,’’ मी म्हणालो.

‘‘पण काकडणं म्हणजे नुसती थंडी वाजणं ना? यात तर माणूस शेवटी कुडकुडायचाही थांबतो. तोच खरा धोका असतो, असं लिहिलंय.’’

मी ‘गारठून जाणं’ सुचवले. ते तिला पटले. मग तिने आणखी तीनचार शब्द विचारले. एकाला मी अडखळलो. दुसऱ्याला परिभाषाकोशातला एक घडीव शब्द दिला. तो तिला समजला नाही आणि खरे सांगायचे तर मलाही समजला नव्हता. अखेर पुस्तक मिटून ती म्हणाली, ‘‘आजोबा, मराठी माणसं जंगलात कधी हरवलीच नाहीत का?’’

सगळे हसले. मीही हसलो. पण आयुष्यभर मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तो प्रश्न लागायचा तसा लागलाच. कारण त्याच रोह्यात, जेथे आम्ही बसलो होतो तेथून दोन-तीन कोसांवर, मी स्वतः एकदा हरवलो होतो. आणि तेव्हा मला जे शब्द मिळाले, ते ना शाळेने दिले होते, ना कोशाने.

ती गोष्ट १९८६ सालची. मी बँकेत नोकरीला होतो आणि रोह्याच्या शाखेत बदलून आलो होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. आदिवासी कुटुंबाला शेळ्यांसाठी कर्ज द्यायचे, त्यातले निम्मे सरकारी अनुदान. प्रकरण मंजूर करण्यापूर्वी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन पाहणी करायची असा नियम. अवचितगडाच्या डोंगराला लागून असलेल्या एका कातकरवाडीवर मी आषाढात एकटाच गेलो. जाताना वाट दाखवायला एक पोरगा होता. परतताना ‘मला ठाऊक आहे’ म्हणून मी त्याला वाडीतच ठेवले. अर्ध्या तासात धुके उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले.

मी वाचणारा माणूस. संकटात मला पुस्तकच आठवले. १९७१च्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरू देशातल्या जंगलावर एक विमान कोसळले होते. त्यातली युलियाने कोएप्के नावाची सतरा वर्षांची मुलगी एकटीच वाचली. ती अकरा दिवस त्या अरण्यात चालत होती. तिचे आई-वडील प्राणिशास्त्रज्ञ. पाण्याच्या काठाकाठाने उताराकडे चालत राहिले की माणसांची वस्ती सापडते, हे वडिलांनी तिला शिकवले होते. त्या शिकवणीने ती वाचली. मीही एक ओहोळ पाहिला आणि त्याच्या कडेने उतरू लागलो.

थोड्या वेळाने वरून कोणीतरी ओरडले. इरले पांघरलेला एक म्हातारा उभा होता. ‘‘सायेब, पुढं जाऊ नका. पुढं कडा हाय.’’ मी थांबलो. खाली धुक्यात पाण्याचा आवाज येत होता. मी तो ओहोळाचा समजत होतो. तो धबधब्याचा होता.

ॲमेझॉनच्या सपाट रानात पाणी माणसाला गावाकडे नेते. सह्याद्रीत ते कड्यावर नेऊन सोडते. तेथून खाली येईपर्यंत त्या म्हातारबाबांनी मला जे शिकवले, ते मी आजतागायत विसरलेलो नाही. पाण्याच्या मागे लागायचे नाही, सोंड धरायची. सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. ती हत्तीच्या सोंडेसारखी हळूहळू जमिनीला टेकते. मग ढोरवाट शोधायची. गुरे संध्याकाळी गावाकडेच जातात, तेव्हा खुरांचा रोख पाहायचा आणि शेण ओले की सुके तेही पाहायचे. एकाच झाडापाशी दुसऱ्यांदा आलो तर घाबरून धावायचे नाही, चकवा लागला असे समजून खाली बसायचे. ‘चकवा’ हा शब्द तोवर मी भुताखेतांच्या गोष्टींतला समजत होतो. तो माणसाला बसवून ठेवण्यासाठी आहे, हे त्या दिवशी कळले. वाट चुकलेला माणूस भीतीने धावत सुटला की अधिकच हरवतो. ‘चकवा लागला, आता बस, विडी ओढ’ असे सांगणाऱ्या परंपरेला मी अंधश्रद्धा म्हणायला आता कचरतो.

सोंड, ढोरवाट, चकवा, कडा. चारच शब्द, पण त्यांतला एकही मी पाठ केला नव्हता. शाळेत आम्ही ‘अरण्य, वन, रान, विपिन, कानन’ अशी माळ घोकली होती. तिला गुण मिळायचे. पण कानन आणि विपिन यांत काय फरक, हे गुरुजींनाही माहीत नसावे, कारण त्या फरकावर कोणाचे काही अडलेले नव्हते. ज्या शब्दावर काही अडते, तोच शब्द मनात घर करतो. नातीला ‘हायपोथर्मिया’ हा अवघड शब्द एका वाचनात पाठ झाला तो याचमुळे. गोष्टीतला माणूस बर्फात बसला होता, त्याचे कुडकुडणे थांबले होते आणि आता काय होणार या काळजीने तिने पान उलटले होते. शब्द आणि काळजी एकाच क्षणी आत गेली.

जीव वाचवण्याच्या गोष्टींची ही शक्ती जुनी आहे. डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो १७१९ मध्ये बेटावर जाऊन पडला, तेव्हापासून जगभरची मुले त्याच्याबरोबर शब्द वेचत आली आहेत. आमच्या पिढीला भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या जगात मराठीतून नेले. गलबत, शीड, सुकाणू, नांगर हे शब्द समुद्रापासून शंभर कोसांवर वाढलेल्या पोरांनाही ठाऊक झाले. का? तर वादळात शीड उतरवले नाही तर गलबत बुडेल, हे कळल्यावर शीड म्हणजे काय हे कोणाला विचारावे लागत नाही.

पण येथे एक गोष्ट मनाला टोचते. या साऱ्या गोष्टी बाहेरून आल्या. आपल्या रानात, आपल्या खाडीत रोज जीव वाचवून घरी येणाऱ्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकल्या नाहीत. मी तरी ऐकल्या नव्हत्या. आणि त्याचे मोल दुसऱ्या कोणीतरी भरले.

त्याच वाडीवरचे एक कर्जप्रकरण मी भरले होते. एक विधवा बाई, दोन मुले. नमुन्यात ‘उपजीविकेचे साधन’ असा रकाना होता. मी तिला विचारले, शेती आहे का? नाही. नोकरी? नाही. पावसाळ्यात काय खाता? ती म्हणाली, ‘‘कांद खनतो.’’ पुढे तिने दोनतीन नावे घेतली, ती मला कळली नाहीत. रकाना लहान होता. मी ‘काही नाही’ असे लिहिले आणि हप्ता गणपतीनंतरचा ठरवून टाकला.

ते ‘काही नाही’ म्हणजे काय होते, हे मला पुढे कळले. पहिल्या पावसात ओढे-नाल्यांतून भाताच्या खाचरांकडे मासे चढतात, ती वलगण. मग रानभाज्या. मग करांदे आणि इतर कंद. त्यातल्या कडू कंदाच्या चकत्या करून त्या राखेच्या पाण्यात उकडाव्या लागतात आणि रात्रभर टोपलीत घालून वाहत्या ओहोळात ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे त्यातला कडूपणा, म्हणजेच विषारीपणा जातो. (वाचकांपैकी कोणी हा प्रयोग घरी करू नये; कोणता कंद किती वेळ ठेवायचा हे जाणते हातच सांगू शकतात.) आषाढ ते भाद्रपद हे तीन महिने त्या घराची चूल यावर चालत असे. खाणे मिळे, पण रोख पैसा एक नाही. दिवाळीनंतर भट्टीवर कामाला जायचे तर मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. म्हणजे माझा हप्ता बरोबर अशा वेळी पडला, जेव्हा तिच्या हातात एक नाणेही नसायचे. पहिल्या हप्त्यालाच तिने एक शेळी विकली, दुसऱ्याला दुसरी. वसुलीच्या कागदावर प्रकरण ‘नियमित’ दिसत होते. गोठा रिकामा होता.

चूक माझी होती. मी दुष्ट नव्हतो, आळशीही नव्हतो. मला तिचे शब्द येत नव्हते इतकेच. ज्या माणसाचे शब्द आपल्याला येत नाहीत, त्याचे जगणे आपल्याला ‘काही नाही’ असे दिसते. शब्दसंग्रह म्हणजे निबंधात सजावटीला घालण्याची वस्तू, ही माझी समजूत त्या रिकाम्या गोठ्यापाशी संपली.

पुढे नव्वदीच्या दशकात माझी बदली पेणला झाली. रोह्याचा डोंगर सुटला आणि खारेपाट समोर आला. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण तालुक्याची पश्चिम बाजू ही खाडीच्या तोंडातून बांध घालून सोडवलेल्या भातजमिनीची आहे. एकदा बंदिस्तीला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले. पीक-कर्जाच्या पाहणीसाठी मी तेथल्या एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर बांधावरून फिरत होतो. या वेळी मी शहाणा झालो होतो. नमुना पिशवीत ठेवला आणि म्हटले, ‘‘बाबा, आधी तुम्ही सांगा.’’

त्यांनी गोष्टच सांगितली. दहा-बारा वर्षांचे असताना ते ओहोटीला खाजणात चिंबोऱ्या धरायला गेले होते. दिवस पौर्णिमेचा. संध्याकाळ झाली, चिंबोऱ्यांच्या नादात अंधार पडला आणि भरती मागून वळून आली. चिखलातून पळता येत नाही. पाय जितका जोरात ओढावा तितका रुततो. मुलगा एका तिवराच्या झाडावर चढून बसला. पौर्णिमेचे उधाण, पाणी फांदीपर्यंत आले. ‘‘रडलो नाही का? रडलो. पण मला हिशेब ठावा होता. पुनवेचं पाणी मध्यरातीच्या आधी भरतं आणि मग उतरतं. चांदोबा डोक्यावर आला की बापाला हाक मारायची, असं ठरवून बसलो.’’ आणि तसेच झाले.

तो हिशेब त्यांनी मला शिकवला. कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचे पाऊणपट करायचे. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जसजसे आत जावे तसतसा थोडा उशीर. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचे, अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला भांग. बांधात झडपेची मोरी असते तिचे नाव उघाडी. ओहोटीला ती आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरचे खारे पाणी अडवते. चिंबोरीचे एक बीळ वेळीच बुजवले नाही तर तेथून पाणी झिरपू लागते आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो, ती खांड. त्या सकाळी मी कर्जाचा अहवाल लिहिला त्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ असा गोल शब्द घातला नाही. कोणत्या तिथीला, कोणत्या उघाडीजवळ, किती लांबीची खांड पडली हे लिहिले. वरिष्ठांनी तो प्रथमच एकही शंका न काढता मंजूर केला.

एक शब्द गावे वाचवू शकतो, याचा पुरावा जगाने २००४ साली पाहिला. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तेथे भूकंपानंतर प्रचंड लाट आली आणि फार माणसे गेली. उरलेल्यांनी त्या लाटेला ‘स्मॉंग’ म्हटले आणि तिची गोष्ट नातवंडांना सांगितली: जमीन जोराने हलली आणि मग समुद्र मागे हटला, तर मासे वेचायला धावू नका, डोंगराकडे धावा. सत्त्याण्णव वर्षे ती गोष्ट आज्या सांगत राहिल्या. २६ डिसेंबर २००४ रोजी जमीन हलली, कोणीतरी ‘स्मॉंग’ असे ओरडले आणि बेट डोंगरावर गेले. सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसे दगावली. समोरच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर मृतांचा आकडा लाखाच्या पुढे गेला.

येथे कोणी म्हणेल, हे सारे ठीक आहे, पण जुन्या शब्दांनी आजची संकटे टळत नाहीत. आक्षेप खरा आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री आपल्याच रायगडात, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले आणि पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्यातून मिळालीच नाहीत. डोंगराचे सगळे शब्द येणारी ठाकर माणसे होती ती. पण झोपेत त्यांना कोणता शब्द कामी येणार? आणि दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी: सरकारी दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. म्हणजे वाडीपाशी यंत्रे नव्हती आणि यादीपाशी वाडी नव्हती. मला हवा आहे तो या दोहोंमधला व्यवहार. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो तेव्हा त्यात मीटरमधला आकडा असतो. त्याच्याशेजारी ‘उधाणाची भरती, बंदिस्ती आणि उघाड्या तपासा’ असे चार शब्द असले, तर खारेपाटातली आजीही कंदील घेऊन बांधावर जाईल.

मराठीत हे काम कोणी केलेच नाही असे मात्र नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी रानातल्या माणसांचे बोट धरले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांच्या लेखनातून मराठी वाचकाच्या घरी आले. १८ जून २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मराठीचा एक चालताबोलता रानकोश मिटला. गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ लिहिली ती कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवर. पेणहून पनवेलकडे जाताना डाव्या-उजव्या खिडकीचे भांडण न करता ज्याला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, त्याने त्या सुळक्यावरच्या मधमाश्यांची ती गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आग्यामोहोळ आणि सातेरी यांतला फरक मुले एका बैठकीत शिकतील.

पण ही नावे बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यांच्यामागे जे खरे शिक्षक उभे आहेत, त्यांची मुले आजही आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसतात. कातकरी पोर ‘कांद’ म्हणाले की आपण ते ‘कंद’ असे दुरुस्त करतो, आणि त्याला ठाऊक असलेले सात कंद विचारायचे राहून जाते. माझे शिक्षकांना एवढेच मागणे आहे की महिन्यातून एक तास त्या मुलाला फळ्यापाशी उभे करावे. ‘तुझे आजोबा रानात किंवा पुरात सापडले होते, तेव्हा काय झालं?’ एवढाच प्रश्न विचारावा. बाकीच्यांनी ती गोष्ट वहीत लिहून घ्यावी आणि नवा शब्द आला की अर्थ त्यालाच विचारावा. त्या तासाला पुस्तक लागत नाही, अनुदान लागत नाही. मागच्या बाकावरचे पोर त्या दिवसापुरते तरी गुरुजी होते. पालकांनीही सुट्टीत रिसॉर्टला जावे, त्याला माझी ना नाही. पण वाटेत एखाद्या बांधावर थांबून तिथल्या आजोबांना ‘उघाडी म्हणजे काय हो?’ एवढे तरी विचारावे.

आमच्या पोपटीची गोष्ट राहिली. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला घालावा लागतो. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगा त्या पाल्याच्या वाफेवर शिजतात. पाला आणायला शेतावरच्या गड्याची मुलगी निघाली. नातीच्याच वयाची, कातकरी. नात पुस्तक ठेवून तिच्यामागे गेली. बऱ्याच वेळाने दोघी ओंजळी भरून परतल्या. ‘‘आजोबा, हातावर चोळून वास घेतला की भांबुर्डा ओळखू येतो. आणि हिच्या आजीला एकदा रानात रात्र काढावी लागली होती!’’ मग जाळाभोवती बसून त्या मुलीने ती गोष्ट सांगितली. अडखळत, लाजत, पण सगळी. नात मध्ये मध्ये थांबवून शब्द विचारत होती आणि आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने उतरवून घेत होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या वेळी दिले नव्हते. आज देतो. हरवली होती, बाळ. मराठी माणसे रानात पुष्कळदा हरवली होती. पण ज्यांनी त्यांना वाट दाखवून घरी आणले, त्यांचे शब्द आम्ही लिहून घ्यायला विसरलो. तुझे शेवटचे पान अजून अर्धे कोरे आहे, तेवढे भरून काढ.